दोन बटणांची अट

सुपा, रविवार, ४ ऑक्टोबर १९९८

दादा, जयभीम.

पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. दीड वर्षात तुला मी एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ते गरज पडली म्हणून. तुला कळायच्या आत मीच कबूल करून टाकते. काल तुझ्या बंगळूरच्या ऑफिसात दोनदा एसटीडी लावला. दोन्ही वेळा एक बाई गोड इंग्रजीत म्हणाली, महेंद्र मीटिंगमध्ये आहेत. शनिवारी संध्याकाळी सात वाजता कसली रे मीटिंग? माझं नाव ऐकून लागली असेल तर लागो, पण हे वाच.

काल सकाळी सव्वाआठला पत्रा दाबायच्या प्रेसवर छगनचा हात जाता जाता वाचला.

छगन तुला माहीत नाही. राजूरकडचा आहे, तू गेल्यावर लागला. बायको राहीबाई आणि दोन पोरं तिकडे डोंगरात, हा इथं खोली करून राहतो. साठ टनी प्रेसवर पहिली शिफ्ट त्याची. पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, तिरका बसला म्हणून सरळ करायला त्यानं उजवा हात आत घातला आणि डाव्या कोपराचा धक्का डाव्या बटणाला लागला. एवढंच. एका बटणाला, तेही चुकून. आणि प्रेस खाली आली.

तुझ्या प्रोग्राममधली अट काय होती? दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस हलायचीच नाही, म्हणजे दाबणाऱ्याचा हात आत राहूच शकत नाही. तीन वर्षं प्रेसनं ती पाळली. काल नाही पाळली.

हातमोज्याची दोन बोटं आत राहिली, पापडासारखी चपटी. छगनची स्वतःची बोटं मोज्याच्या शेंड्यापर्यंत पोचलीच नव्हती, कारण मोजा त्याला मोठा होतो. शेठनी सगळ्यांना एकाच मापाचे मोजे आणले म्हणून त्याचा हात शाबूत आहे. एक इंच, दादा. मी पट्टीनं मोजलं. मोजायला नको होतं.

मी तिथं नव्हते. दसऱ्याला आईला घेऊन दीक्षाभूमीला गेले होते, नागपूरची गाडी काल पहाटे नगरला लागली आणि मी दहाला कामावर पोचले. गेटवरच गोरक्षमामा उभे होते. आपले सुपरवायझर गोरक्षमामा, तुला लाडू आणून द्यायचे ते. तोंड पांढरंफटक. म्हणाले, “ताई, पाप माझ्या हातनं झालं.”

झालं असं. प्रेसच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क नाही, रोज सकाळी फ्लॉपीवरूनच प्रोग्राम चढतो, हे तुझ्या वेळेसारखंच आहे. दसऱ्याला मशीनची पूजा झाली. मी रजेवर. मामांनी माझ्या टेबलावरच्या दोन फ्लॉप्या, चालू आणि तिची जोडीची प्रत, पाटावर मांडल्या. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. “तुमी न्हवता, तर तुमच्या हत्याराची पूजा ऱ्हाऊ नये म्हनून आमीच केली.” बरं, वरून लावलं असतं तरी निभावलं असतं. यांनी तो पत्र्याचा पडदा सरकवून आतल्या काळ्या चकतीला बोट टेकवलं! “म्हनलं, वरच्या डबीला लावून काय उपेग? काम तर आतली चकतीच करती.” आता या माणसावर रागवायचं कसं, तूच सांग. दोन्ही फ्लॉप्या हातात धरून मी हसू की रडू अशी उभी राहिले.

काल सकाळी त्या दोन्ही वाचेनात, तेव्हा मामांनी माझ्या खणातली एक जुनी काढून चढवली. तिच्यात अट नव्हती. ती कोणती, कधीची, कशी आली, मला काही सांगता येत नाही.

आता ऐक, तुझ्याकडून काय हवंय. शेठ म्हणतात दिवाळीच्या आधी प्रेस चालू झालीच पाहिजे, शनिवार सतरा तारीख. कुंकवाच्या दोन सोडून माझ्याकडे अकरा फ्लॉप्या आहेत, तुझ्या आणि माझ्या मिळून, आणि अकरांवर अकरा वेगळे प्रोग्राम. कुठल्यात काय बदललंय कोणालाच ठाऊक नाही. तू सारखं सीव्हीएस सीव्हीएस करायचास. फाईल कोणी, कधी, कशी बदलली त्याची नोंद राहते, हवी ती जुनी प्रत परत काढता येते, असं म्हणायचास आणि आम्ही जांभया द्यायचो. स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर तू लिनक्स टाकून गेलायस, मासिकाबरोबर आलेली सीडी अजून कपाटात आहे. पण सीव्हीएस बसवायला रूट, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा मालक, व्हावं लागतं आणि रूटचा पासवर्ड तुझ्या डोक्यात आहे. तो कळव. कसं बसवायचं तेही लिही, मी लिनक्सच्या कमांडवर कधी काम केलं नाही.

दादा, मला भीती वाटते. सतराला कुणाचा तरी हात त्या डायमध्ये असणार आणि प्रोग्राम मी दिलेला असणार. कालपासून जेवताना स्वतःच्या बोटांकडे बघत बसते, आई विचारते काय झालं, मी म्हणते काही नाही.

जयमाला

सुपा, गुरुवार, ८ ऑक्टोबर

दादा,

स्पीडपोस्ट पोचलं असेल. उत्तर नाही. मी वाट बघत बसले नाही, एवढं तुझ्या कानावर घालते.

पासवर्ड ओळखायचा प्रयत्न केला. आईचं नाव, अण्णांचं नाव, भागिरथी आणि सहादू उलटसुलट करून, तिसगाव, तुझ्या पहिल्या सायकलचा नंबर. लिनक्स प्रत्येक वेळी तेच शांतपणे म्हणतं, लॉगिन चुकीचं. शेठ तरी ओरडतात, कळतं कुठं उभे आहोत.

मग पुस्तकात वाचलं की रूट नसलं तर आपल्याच डिरेक्टरीत बसवता येतं. सीडीवरची गाठोडं केलेली फाईल सोडली, भराभर नावं पडद्यावरून धावली, मला वाटलं जमलं. कॉन्फिगर म्हटलं. दहाबारा प्रश्न त्यानंच स्वतःला विचारले, स्वतःच हो हो म्हणाला आणि तेराव्याला अडला. प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर सापडत नाही. कंपायलर सीडीवर आहे, पण तो बसवायला रूट लागतं. फिरून फिरून भोपळे चौकात. गोरक्षमामा मागे उभे होते. म्हणाले, “ताई, ह्यात चित्रं न्हाईत का? नुसतंच काळं?” मी म्हटलं, नाहीत मामा. “मंग भ्या वाटनारच की.” आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

काल शेठनी बोलावलं. राधाकृष्णशेठ आवाज चढवत नाहीत तेव्हा जास्त सांभाळून असावं, हे तूच शिकवलंस. म्हणाले, जयमाला, एक कागद करून दे. प्रोग्राममध्ये काही दोष नव्हता, ऑपरेटरनं निष्काळजीपणे मशीन चालू असताना हात घातला. सही तुझी, कारण तू जाणकार. शुक्रवारी सोळाला पाहिजे. म्हटलं, छगनचं काय? म्हणाले, त्याला दिवाळीला घरी जाऊ दे, परत यायची घाई नको म्हणावं.

छगन चार दिवस झाडलोट करतोय. प्रेसच्या बाजूनं जाताना हात पाठीमागं धरतो. आज मला गाठून म्हणाला, “ताई, माज्या नावावर काय लिवू नका. म्या झोपंत न्हवतो. कोपर लागलं, खरं सांगतो, कोपर लागलं.” त्याला वाटतंय चूक त्याची आहे. दादा, तो माझी माफी मागत होता.

मी म्हटलं, छगनभाऊ, तपास चालू आहे. असं म्हटलं मी. तपास चालू आहे म्हणे!

जयमाला

सुपा, रविवार, ११ ऑक्टोबर

दादा,

काल तुझं पाकीट आलं. चार ओळी. ‘कशी आहेस’ नाही, ‘आई कशी आहे’ नाही, नुसत्या कमांड. पण पासवर्ड वाचून मी स्टोअरमध्ये एकटीच इतकी हसले की मामा पळत आले. ‘शेठगाढवआहे’, सगळी बारीक इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नाही! दीड वर्ष तो कॉम्प्युटर शेठच्या स्टोअरमध्ये हे पोटात घेऊन बसला होता. आणि पहिल्यांदा टाइप केला तेव्हा शेठ स्वतः माझ्या खांद्यामागे उभे. पासवर्ड टाकताना लिनक्स पडद्यावर ठिपकासुद्धा दाखवत नाही, त्याचे उपकार. माझ्या बोटांकडे बघू नयेत म्हणून मी त्यांना चहा विचारला.

रूट झाल्यावर कंपायलर बसला. कॉन्फिगर तेराव्या प्रश्नाच्या पुढे गेला. मग मेक. अर्धा तास ओळींमागून ओळी, डिस्क टुकटुक करत होती, मी पदर तोंडाशी धरून बसले होते, कुठंतरी ‘एरर’ दिसेल म्हणून. दिसला नाही. मेक इन्स्टॉल. मग तू लिहिलंस तसं सीव्हीएस इनिट. पडद्यावर काहीच आलं नाही, नुसतं रिकामं चिन्ह लुकलुकत राहिलं. मला वाटलं बिघडलं. नंतर तुझी शेवटची ओळ वाचली, ‘काही बोललं नाही म्हणजे झालं’.

झालं. बसलं. आणि दादा, ते बसल्यावर मी फ्लॉप्या उचलायच्या ऐवजी खुर्ची मागं सरकवली.

इतके दिवस मी तुला सांगत होते की बसेल की नाही याची भीती वाटते. खोटं. मला ते बसेल याची भीती वाटत होती. आता लिहितेच.

काल अकरा फ्लॉप्यांची रांग लावली. तारखा उपयोगाच्या नाहीत, प्रेसच्या कॉम्प्युटरची बॅटरी मेलेली, त्यामुळे सगळ्या फायली एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला जन्मलेल्या. मग दोन-दोन फायली समोरासमोर ठेवून फरक काढला. ज्या दोघींत कमीत कमी ओळी वेगळ्या, त्या शेजारी. असं करत रांग लागली. पहिल्या आठ तुझ्या. दहावी आणि अकरावी माझ्या, दोन्हीत अट आहे. मधली नववी, तीच त्या शनिवारी चढली होती. आठवी आणि नववीत फरक फक्त सहा ओळींचा. तुझ्या दोन बटणांच्या सहा ओळी, काढलेल्या.

मला रांग लावायची गरज नव्हती. नववी कोणती ते मला फ्लॉपी हातात घेतल्याघेतल्या कळलं होतं. त्या सहा ओळी मी काढल्या.

तू का गेलास ते मला माहीत आहे, घरात फक्त मलाच माहीत आहे. शेठ तुला म्हणाले, एका बटणावर चालव, माल जास्त निघतो. तू म्हणालास, निघेल, बोटंही निघतील, आणि राजीनामा टेबलावर ठेवलास. तुला वाटलं मी शेठना नाही म्हणेन. मी तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. घरात दुसरी नोकरी नव्हती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मला ती खुर्ची हवी होती. तुझ्या हाताखाली नुसती टाइप करायचा मला कंटाळा आला होता.

यंदाच्या जूनमध्ये शेठनी मला तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं. मी चोवीस तास विचार केला आणि ओळी काढल्या. सहा दिवस प्रेस एका बटणावर चालली. सातव्या दिवशी मी छगनला बघितलं, प्रेस खाली येत असताना दुसऱ्या हातानं पत्र्याची कड नीट करत होता, गाणं गुणगुणत. त्याच दिवशी ओळी परत घातल्या, शेठना सांगितलं कॉम्प्युटरच्या कार्डात बिघाड आहे, एका बटणावर चालत नाही. त्यांनी मानलं. आणि नववी फ्लॉपी मी मोडली नाही. खणात ठेवली, वर काही न लिहिता. का ठेवली? शेठनी पुन्हा मागितलीच तर द्यायला असावी म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

गोरक्षमामांचं कुंकू हा अपघात होता. खणातली फ्लॉपी अपघात नव्हती.

आता सीव्हीएसमध्ये एकेक आवृत्ती टाकायची आहे, प्रत्येकीपुढे नाव, तारीख, कारण. ज्याची त्याच्या लॉगिननं. तुझ्या आठ तुझ्या नावानं टाकते, तुझा लॉगिन अजून आहे. नववीपुढे काय लिहू?

जयमाला

सुपा, गुरुवार, १५ ऑक्टोबर

दादा,

आठ टाकून झाल्या. प्रत्येक वेळी ते व्हीआय, म्हणजे लिहायचा पडदा, उघडतं, कारण लिहा म्हणतं, आणि पहिल्यांदा मला त्यातून बाहेरच पडता येईना. वीस मिनिटं त्या खोलीत कोंडले गेले, शेवटी पुस्तकात सापडलं. एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू. आता पाठ झालंय.

नववी टाकली नाही. मंगळवारी एक गोष्ट करून बघितली, सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. विचार केला, रूट म्हणून टाकू. रूट म्हणजे कोणीच नाही, सगळेच. पुढे कोणी बघितलं तर दिसेल ‘रूटनं बदललं’, संपलं. रूट झाले, फाईल ठेवली, नोंद करायची कमांड दिली. सीव्हीएस म्हणालं, रूटला नोंद करायची परवानगी नाही.

पुन्हा दिली. पुन्हा तेच. दादा, कुठल्या परदेशातल्या माणसानं ते लिहिलं असेल, त्याला सुप्यात बसलेली मी कशी ठाऊक? एखाद्या माणसाचंच नाव पाहिजे म्हणे. मी वीज बंद करून बाहेर येऊन उभी राहिले.

उद्या शुक्रवार. शेठना कागद पाहिजे. दिला तर छगन जातो. नाही दिला तर मी जाते, आणि मी गेले तर आईला तिसगावला परत नेऊन दुसऱ्याच्या रानात खुरपायला बसवायचं, या गुडघ्यांनी. आणि नववीवर माझं नाव घातलं तर नुसती नोकरी जात नाही. उद्या कोणी तपासणीला आलं आणि म्हणालं, ही बाई, हिनं हात तुटायची सोय केली, तर? मला पोलिसांच्या गाडीचं स्वप्न पडतं. दिवसासुद्धा पडतं.

आज छगननं मला पेरू आणून दिले. मी घेतले नाहीत, तर त्याला वाटलं मी चिडलेय. मग घेतले. खाल्ले नाहीत.

काहीतरी लिही रे. शिव्या लिही.

जयमाला

सुपा, रविवार, १८ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र परवा शुक्रवारी सकाळी अकराला पोस्टमन गेटवर देऊन गेला. मी शिव्यांची वाट बघत होते. पाकीट उघडायच्या आधी देवळाच्या पायरीवर बसतात तशी स्टोअरच्या पायरीवर बसले.

तू लिहिलंस, ‘नववी माझ्या नावानं टाक. माझा लॉगिन आहे, पासवर्ड खाली देतो. मी इथं लांब आहे, शेठ माझं काय वाकडं करणार? तू नोकरी सांभाळ, आईला सांभाळ. आणि चुकून तुझ्या नावानं आधीच टाकली असशील तरी घाबरू नको, नोंद नंतर बदलता येते, कमांड अशी.’ कमांड लिहिलीस. त्याखाली ‘आईला सांग, मी दिवाळीला येतो’ लिहून खोडलंस. खोडलेलं मला वाचता आलं.

दीड वर्षात तुझा मला इतका राग कधी आला नव्हता आणि तुझी इतकी आठवणही कधी आली नव्हती. मी तिथंच बसून रडले. अरे, त्या सहा ओळी काढणार नाही म्हणून तू राजीनामा दिलास! नोकरी, गाव, आम्हाला, सगळं सोडून गेलास. आणि आता त्या काढल्याचं नाव स्वतःवर घे म्हणतोस? मला वाचवायला? मी तुझ्या खुर्चीवर बसले तेवढं पुरे. तुझ्या नावावर बसणार नाही.

माझ्या लॉगिननं आत गेले. नववी ठेवली, नोंदीची कमांड दिली, व्हीआय उघडलं. इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलं, ‘दोन बटणांची अट मी काढली. जून १९९८. शेठ राधाकृष्ण यांच्या सांगण्यावरून, मला चूक आहे हे माहीत असून. सहा दिवस चालली. फ्लॉपी मोडली नाही. ३ ऑक्टोबरला तीच चढली. छगनची चूक नाही. जयमाला.’ एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू. एक ओळ आली, नवी आवृत्ती नोंदवली. झालं. मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही.

मागून गोरक्षमामा म्हणाले, “काय लिवलं?” मी वाचून दाखवलं. तोंडातली तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, “मंग माझंबी लिवा. कुकू म्या लावलं. एकटीच्या नावानं कशापायी?” दहाव्या आवृत्तीच्या नोंदीत ते लिहिलं, गोरक्ष यांनी पूजेत फ्लॉपीला कुंकू लावले, भक्तिभावाने. भक्तिभावाने हा शब्द त्यांनी सांगितला. कुंकवाच्या दोन्ही फ्लॉप्या गेल्या त्या गेल्याच, पण अकरावी हाताशी होती. तीच वाचून, तुझ्या आठवीशी ओळ न् ओळ ताडून, मी नवी बारावी तयार केली.

चार वाजता शेठना कागद नेऊन दिला. त्यांनी सांगितलेला नाही, सीव्हीएसच्या नोंदींचा छापलेला. त्यांनी दोनदा वाचला. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. आवाज खालचाच. म्हणाले, “हे कॉम्प्युटरमधून पुसता येतं का?”

पुसता येतं. तू कमांड दिलीस, माझ्या पर्समध्ये होती.

मी म्हटलं, “नाही शेठ. हे सॉफ्टवेअर तसंच आहे. एकदा गेलं की गेलं.” आणि पर्स काखेत घट्ट धरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, दिवाळीनंतर बघू, उद्या प्रेस चालव आधी. छगनबद्दल काही बोलले नाहीत. मला काढतील की ठेवतील, मला माहीत नाही. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले, पण असं पहिल्यांदाच.

काल सतरा. बारावी फ्लॉपीवर घेतली, प्रेसवर चढवली. आधी बाभळीचा तुकडा डायमध्ये ठेवला. उजवं बटण, डावं बटण, एकेकटं, कोपरानं, मागून, पुढून. शंभर वेळा दाबलं, मामांनी मोजलं. प्रेस हलली नाही. दोन्ही एकदम दाबली तेव्हा खाली आली आणि लाकडाचा भुगा झाला. मग छगनला हाक मारली.

छगन आला नाही. तीन हातांवर उभा राहिला, हात पाठीमागं. म्हणाला, “ताई, लाकडावर बघितलं तुमी. लाकडाला काय बायको-पोरं हायत?”

सगळी शिफ्ट उभी होती. शेठ दाराशी. छगन म्हणाला, आवाज खाली, उद्धटपणे नव्हे रे, अगदी विनवून, “तुमी घाला हात. म्या बटन दाबतो. मंग म्या घालतो.”

मामा म्हणाले, “ए छगन, येडा का काय!” पण मी बांगड्या काढून मामांच्या हातात दिल्या होत्या.

दादा, मी खोटं शौर्य सांगत नाही. मला चक्कर येत होती. मामांनी मागून धरलं. उजवा हात आत घातला, डायच्या खालच्या पत्र्यावर सपाट ठेवला. पत्रा गार होता, तेलकट. वर साठ टन. मला एकच सुचत होतं की अकरावीतल्या त्या सहा ओळी मी लिहिलेल्या नाहीत. जूनमध्ये परत घालताना मी तुझ्याच आठवीतून जशाच्या तशा उचलल्या होत्या, एक अक्षर न बदलता, कारण मला स्वतःवर भरवसा नव्हता. सीव्हीएसमध्ये त्या ओळींची पहिली नोंद तुझ्याच नावावर आहे. माझा हात तुझ्या ओळींखाली होता.

मी म्हटलं, “दाब.”

छगननं डावं बटण दाबलं. मी डोळे मिटले नाहीत, मिटायचं सुचलंच नाही. मग उजवं. मग कोपरानं डावं, तसंच, त्या शनिवारी लागलं होतं तसं. तो रडत होता. मोजून सात वेळा.

प्रेस वरच राहिली.

जयमाला